अपडेट येतंय म्हणून आयएस-७ विकू का?

वर्ल्ड ऑफ टँक्स या रणगाड्यांच्या ऑनलाइन खेळाबद्दल, त्यातल्या आयएस-७ या सोव्हिएत हेवी टँकबद्दल, निपाणीहून एका पोराचा प्रश्न आलाय. लांबलचक आहे, त्यातला गाभा असा: "दादा, वर्ल्ड ऑफ टँक्सचं पुढचं अपडेट येतंय. यूट्यूबवर सगळे म्हणायलेत की हेवी टँकांचं चिलखत घटणार आणि आर्टी (लांबून गोळे टाकणाऱ्या तोफगाड्या) परत जोरात येणार. माझ्याकडं आयएस-७ आहे, वर्षभर ग्राइंड करून (सतत खेळून) काढलाय. आत्ताच विकून दुसरी लाइन (टँकांची दुसरी साखळी) धरू का? सेल लागलाय, तर गोल्ड (पैसे देऊन मिळणारं गेममधलं नाणं) घेऊन ठेवू का? आणि अपडेटनंतर माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर गेम चालंल का?"

विकू नको. अपडेट येऊन पंधरा दिवस होईपर्यंत तर अजिबात नको. आता का ते सांगतो. तुझ्यासारखंच विचारणारे आमच्या क्लॅनमध्ये (एकत्र खेळणाऱ्या गटात) दर अपडेटला चार-पाच तरी निघतात, त्यामुळे एकदाच नीट लिहून टाकतो.

मी हा खेळ ९ च्या मालिकेतल्या आवृत्त्या चालू होत्या तेव्हापासून खेळतोय. दिवसा बेळगावच्या उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये जॉब, म्हणजे बनलेले भाग, तपासायचं काम, रात्री हे. दोन्हीकडं एकच सवय लागली: कोण काय बोलतंय ते राहू दे, माप किती भरलं ते दाखव. तुझ्या प्रश्नात माप कुठंच नाही. 'चिलखत घटणार' म्हणजे कुठल्या पत्र्याचं, किती मिलिमीटर, आणि तो आकडा कुठून आला? हे तीन प्रश्न विचारलेस तर निम्मे व्हिडिओ तू स्वतःच बंद करशील.

आधी तो आकडा कुठून येतो ते बघ. गेम बनवणाऱ्या कंपनीकडं बदल थेट गेममध्ये येत नाहीत, पायऱ्यापायऱ्यांनी येतात. पहिली पायरी सुपरटेस्ट. तिथं निवडक खेळाडू नव्या गाड्या आणि बदललेले आकडे चालवून बघतात. यूट्यूबवर 'लीक' म्हणून जे फिरतं ते बरंचसं इथलं असतं, आणि 'हे बदलू शकतं' ही ओळ थंबनेलवर कुणी छापत नाही. खेळाचा नियमच बदलायचा असेल तर सँडबॉक्स नावाचा वेगळा सर्व्हर उघडतात. त्यानंतर कॉमन टेस्ट. ही कुणालाही डाउनलोड करता येते, तुझ्या खात्याची नक्कल तिथं तयार असते, खर्चायला गोल्ड आणि क्रेडिटही (लढायांत मिळणारे गेममधले पैसे) मिळतात. तिथं कमावलेलं किंवा घालवलेलं तुझ्या खऱ्या खात्यावर येत नाही. मग शेवटी अधिकृत बदलांची यादी आणि खरं अपडेट.

सँडबॉक्समध्ये आलं म्हणजे गेममध्ये आलंच, असं समजू नको. २०१९-२० च्या सुमारास तिथं खास गोळ्यांचा, म्हणजे आपण ज्यांना गोल्ड राऊंड म्हणतो त्यांचा, प्रयोग झाला होता. भेदायची ताकद जास्त राहू दे पण डॅमेज कमी करू, असा तो विचार. तेव्हा आमच्याकडं पोरांनी गोल्ड राऊंडवर चालणाऱ्या गाड्या विकायला काढल्या होत्या. तो बदल त्या रूपात गेममध्ये आलाच नाही. विकलेल्या गाड्या परत घेताना क्रेडिट मात्र खरे गेले.

उलटं उदाहरण आर्टीचं. तेही सँडबॉक्समधून आलं, पण आलं ते टिकलं. एप्रिल २०१७ च्या ९.१८ अपडेटमध्ये आर्टीची एका गोळ्यात गाडी उडवायची ताकद कमी केली, बदल्यात 'स्टन' (थोडा वेळ समोरची गाडी सुस्त करणं) दिला आणि एका संघात जास्तीत जास्त तीन आर्टी अशी मर्यादा घातली. त्याच वेळी ३-५-७ ची जुळणी आली: वरच्या टियरच्या (पायरीच्या) तीन गाड्या, मधल्या पाच, खालच्या सात. पुढं २०२१ मध्ये १.१३ ला आर्टीला परत हात लावला. तीन प्रकारचे गोळे आले, आणि गोळा जवळ पडणार असेल तर आवाजाचा इशारा मिळायला लागला. त्याच अपडेटमध्ये एचई, म्हणजे आदळून फुटणाऱ्या, गोळ्यांचं गणितही बदललं. चिलखत भेदलं नाही तरी वरच्यावर भरपूर डॅमेज देणाऱ्या केव्ही-२ सारख्या मोठ्या तोंडाच्या तोफांची जुनी मजा तिथं कमी झाली. म्हणून 'आर्टी परत जोरात येणार' यावर माझं मत असं की आर्टीबद्दल कंपनीचा कल या दोन अपडेटांत एकाच दिशेचा होता: मार कमी, त्रास जास्त. ती दिशा उलटी फिरली असं अधिकृत यादीत लिहून येईपर्यंत मी तरी त्यावर एक क्रेडिट खर्च करणार नाही.

आता तुझ्या आयएस-७ कडं येऊ. इथं जरा थांबून वाच.

या खेळात भेदनशक्ती (पेन) आणि डॅमेज (मार) दोन्ही आकडे दर गोळीला २५ टक्के वर-खाली होतात. आयएस-७ च्या १३० मिमी तोफेच्या साध्या गोळीचं पेन २५० मिमी. म्हणजे प्रत्यक्षात एखादी गोळी १८८ ची निघेल, एखादी ३१३ ची. समोरच्याची तोफ साधारण तेवढ्याच पेनची धर. मग तुझ्या अंगावरचा प्रत्येक पत्रा तीनपैकी एका गटात पडतो. परिणामी जाडी १८८ पेक्षा कमी असेल तर तो पत्रा तिच्यापुढं नसल्यासारखाच. ३१३ च्या वर असेल तर साध्या गोळीनं तो कधीच फुटणार नाही. मधे असेल तर नशीब. लांबून आलेल्या गोळीचं पेन अंतरानं थोडं घटतं, ते वेगळं.

परिणामी जाडी म्हणजे काय ते तुला माहीत असंल, तरी सांगतो. ऊस कोयत्यानं आडवा तोडला तर काप लहान, तिरका तोडला तर लांब. तिरक्या पत्र्यातून जाणाऱ्या गोळीचंही तसंच होतं. १०० मिमीचा पत्रा ६० अंशात तिरका असेल तर सरळ गणितानं २०० मिमी होतात. पण साधी एपी गोळी आत शिरताना ५ अंशांनी सरळ होते असं खेळ धरतो, त्यामुळे तिच्यासाठी तोच पत्रा १७४ मिमी भरतो. एपीसीआर (जास्त वेगाची गोळी) २ अंशांनीच वळते, तिला तो १८९ लागतो. हीट (स्फोटाच्या झोतानं भेदणारी) गोळी अजिबात वळत नाही, तिला पूर्ण २००. मात्र एपी आणि एपीसीआर ७० अंशांच्या पुढं घसरून जातात, हीट ८५ पर्यंत घसरत नाही. एकच पत्रा आणि तीन गोळ्यांसाठी तीन जाड्या. 'चिलखत घटलं' म्हणणाऱ्याला विचार, कुठल्या गोळीसाठी घटलं?

समज, यादीत आलं की हा १०० मिमीचा पत्रा ९० चा केला. व्हिडिओवाला बोंब मारणार, दहा टक्के नर्फ (घट)! हिशोब कर. एपीसाठी १७४ चे १५७ झाले. समोरच्याची सगळ्यात कमनशिबी गोळी १८८ ची. ती आधीही आत जात होती, आताही जाते. तुझ्या लढाईत काहीही बदललं नाही. उलट बुरुजाचा एखादा भाग ३२० चा ३०० झाला, तर टक्क्यांत तो बदल किरकोळ दिसतो, पण जो भाग आजवर साध्या गोळीला फुटत नव्हता तो आता अधूनमधून फुटायला लागतो. हा खरा नर्फ. आकडा किती हलला ते बघू नको, त्यानं हद्द ओलांडली का ते बघ.

याहून चोरटा बदल पातळ पत्र्यांत असतो. तोफेची नळी पत्र्याच्या तिपटीहून मोठी असेल तर कितीही तिरका पत्रा असला तरी गोळी घसरत नाही, सरळ आत घुसते. खेळाडू याला ओव्हरमॅच म्हणतात. वरचा पत्रा ४० मिमीचा असेल तर तिप्पट १२० झाली. सोव्हिएत हेवींच्या १२२ आणि १३० मिमी तोफा तो डोळे झाकून फोडतात. तोच पत्रा ४५ चा केला तर तिप्पट १३५, आणि त्या दोन्ही तोफा बाद. यादीत ही ओळ 'हलवरील (गाडीच्या धडावरील) वरच्या पत्र्याची जाडी ४० वरून ४५ मिमी' एवढीच दिसंल, तिच्यावर कुणी व्हिडिओही करणार नाही. आणि आयएस-७ वाल्याच्या दृष्टीनं तीच पूर्ण यादीतली सगळ्यात वाईट ओळ असू शकते, समोरच्या टँकवर असली तर. बाकी सगळे आपल्या गाडीची ओळ शोधतात. तू समोर रोज भेटणाऱ्या गाड्यांच्या ओळी आधी वाच.

एक मात्र अपडेटशी संबंध नसताना सांगतो, कारण तुझ्या प्रश्नात 'आत्ताही गाडी फुटतेच' असं एक वाक्य आहे. आयएस-७ चं नाक टोकदार आहे. पोरं जर्मन गाड्यांची सवय लागल्यागत तीही तिरकी लावतात. टोकदार नाकाची गाडी तिरकी केली की एका बाजूचा पत्रा शत्रूकडं सरळ होतो आणि जाडी घटते. समोरासमोर नाक धर, खालचा पत्रा ढिगाऱ्याआड किंवा मोडक्या गाडीआड लपव आणि बुरुज पुढं कर. हे न करता 'गाडी कमजोर झाली' म्हणणारे प्रत्येक आवृत्तीत भेटलेत.

तोफेच्या आकड्यांतही हद्दच बघायची. आयएस-७ चा अल्फा, म्हणजे एका गोळीचं सरासरी डॅमेज, ४९०. दहाव्या टियरच्या बऱ्याच मीडियम गाड्यांचा एचपी (मार सोसायची ताकद) १९०० ते १९५० च्या आसपास असतो. चार गोळ्यांचे सरासरी १९६०, म्हणजे चारात काम तमाम. आता समज, अपडेटमध्ये अल्फा ४७० केला. चार गोळ्यांचे १८८०. तीच गाडी पाचवी गोळी मागते. रीलोड (पुढची गोळी भरायचा वेळ) १२ सेकंद धरलं तर पहिल्या गोळीपासून शेवटच्या गोळीपर्यंत ३६ सेकंदांचे ४८ झाले. चार टक्क्यांच्या बदलानं तुला बारा सेकंद जास्त उघड्यावर ठेवलं. याउलट अल्फा तोच ठेवून रीलोड १२ वरून १२.५ केलं, तर ३६ चे साडेसदतीस सेकंद. टक्केवारी जवळपास तेवढीच, फरक दीड सेकंदाचा. अर्थात हे सरासरीचं गणित. २५ टक्क्यांच्या नशिबामुळं कधी चारात उरकंल, कधी चांगल्या आकड्यांनाही पाच लागतील. तरी काटा कुठं झुकला ते यातून कळतं, आणि डीपीएमच्या (मिनिटाला किती डॅमेज) एका आकड्याकडं बघून ते कधीच कळत नाही.

शत्रूच्या गाड्यांचा एचपी वाढवला तरी हेच होतं. तुझ्या गाडीला कुणी हात लावलेला नाही, यादीत तिचं नावही नाही, आणि तरी ती कमजोर झालेली असते.

मीडियम आणि लाइटवाल्यांसाठी दिसण्याचं गणित महत्त्वाचं, ते पटकन सांगतो. तुझी नजर किती मीटर आणि समोरच्याचा कॅमो (लपायची क्षमता) किती, यावरून तो कुठं दिसणार ते ठरतं: नजरेतून ५० वजा कर, त्याला कॅमोनं गुण, आणि तो आकडा नजरेतून वजा कर. नजर ४०० आणि कॅमो ३० टक्के असेल तर तो २९५ मीटरवर दिसतो. कॅमो २५ टक्क्यांवर आणला तर साधारण ३१२ वर. सतरा मीटर म्हणजे प्रोखोरोव्कासारख्या उघड्या मॅपवर एका झुडपाचं अंतर. ४४५ मीटरपलीकडं कुणी कुणाला स्वतः स्पॉट करू शकत नाही आणि ५० मीटरच्या आत कुठलाच कॅमो चालत नाही. म्हणून 'नजर ४५० झाली' असल्या ओळीवर कुणी उड्या मारायला लागला तर लक्षात घे, त्याचा फायदा फक्त लपलेल्या गाड्यांविरुद्ध आहे.

आणि मॅप! अपडेटच्या यादीत मॅपचे बदल तळाशी असतात आणि कुणी वाचत नाही. एका टेकडीचा उतार बदलला, एक दगड हलवला, तर हेवीची आख्खी जागा बाद होते. माझं स्पष्ट मत आहे की दहापैकी सात वेळा गाडीपेक्षा मॅपचा बदल तुझ्या लढायांवर जास्त परिणाम करतो. अपडेटनंतर पहिल्या संध्याकाळी आम्ही ट्रेनिंग रूम उघडतो, दोघं-तिघं जण, आणि नेहमीच्या जागांवर गाड्या लावून एकमेकांना दिसतो का ते बघतो. आमच्यात खानापूरचे मराठी, गोकाकचे कानडी असे सगळे. हेडफोनवर 'डावीकडनं बंदान, होडी होडी' (आला, मार मार) असं काय काय चालू असतं, पण दगड कुठं हलला ते सगळ्यांना सारखंच कळतं.

एक तक्रार दर वेळी येते, 'हे बदल इतिहासाला धरून नाहीत'. तूही लिहिलंयस की खरा आयएस-७ असा नव्हता. बाबा रे, आयएस-७ चे दुसऱ्या महायुद्धानंतर काही नमुने बनले, मोठ्या संख्येनं तो कधी बनलाच नाही आणि कुठल्या युद्धातही उतरला नाही. त्याचा एक नमुना रशियात कुबिंकाच्या संग्रहालयात आहे. ज्या गाडीनं रणांगण बघितलं नाही तिच्या गेममधल्या आकड्यांना इतिहासाचा दाखला कुठून लावणार? ते आकडे खेळात तोल राहावा म्हणून ठरतात, बास. खऱ्या गाड्यांची हौस असेल तर अहिल्यानगरला कॅव्हलरी टँक म्युझियमला जा, १९९४ पासून आहे. आपल्या सैन्यानं चालवलेली सेंच्युरियन, चेन्नईजवळ आवडी गावी बनलेली विजयंता, १९६५ मध्ये पकडलेली पॅटन, सगळं एका जागी बघायला मिळतं. पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल ए. बी. तारापोर १९६५ मध्ये सेंच्युरियनमधूनच लढले, त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. ते वाचून परत गॅरेजमधल्या सेंच्युरियनकडं बघितलं की एचपीचा पट्टा फार पोरकट वाटतो. खरा टँक शंभर टक्क्यांवरून शून्यावर हळूहळू येत नसतो.

एचपी नकोसा वाटत असेल तर वॉर थंडर आहे, तिथं गोळी आत कुणाला लागली ते बघतात. पण तिथलेही अपडेट काही सरळ नसतात. मे २०२३ मध्ये तिथल्या प्रस्तावित आर्थिक बदलांवर खेळाडू एवढे भडकले की स्टीमवर वाईट शेऱ्यांचा पूर आला. कंपनीनं ते बदल मागं घेतले आणि सुधारणांचा आराखडा जाहीर केला. जाहीर झालेलं सुद्धा पक्कं नसतं, हे त्यातून घे.

गाडी न विकण्याचं अजून एक कारण आहे, आणि ते शुद्ध फायद्याचं आहे. टेक ट्रीतली (गाड्या क्रमानं उघडायच्या तक्त्यातली) एखादी गाडी काढून दुसरी ठेवली जाते, तेव्हा जुनी गाडी ज्याच्या गॅरेजमध्ये असते त्याचाच फायदा होतो. २०१७ मध्ये ब्रिटिश एफव्ही २१५बी च्या जागी सुपर कॉन्करर आली. ज्यांच्याकडं जुनी होती त्यांना नवी मिळाली आणि जुनीही राहिली. ज्यांनी 'ही कमजोर आहे' म्हणून आदल्या महिन्यात विकली होती ते हात चोळत बसले. म्हणून अधिकृत घोषणेत 'जागा घेणार' असे शब्द दिसले तर विकायचं सोड, शक्य असेल तर ती गाडी घेऊन ठेव.

सप्टेंबर २०२५ च्या २.० अपडेटनंतर तर दहाव्या टियरच्या गाडीचा अर्थच बदललाय. पंधरा वर्षं शिखर असलेला दहावा टियर आता अकराव्याच्या खाली आहे. तुझी दहाव्याची गाडी पुढच्या वाटेवरचा टप्पा झाली. अशा वेळी विकून दुसरी लाइन पहिल्यापासून धरणं म्हणजे वर्षभराची कमाई पाण्यात. दुसरी लाइन धरायचीच तर बाजूनं चालू ठेव, गाडी गॅरेजमध्ये उभी राहिली तर काही खात नाही. गॅरेजमधली जागा कमी पडत असेल तर सहाव्या-सातव्या टियरच्या, परत हात न लावणाऱ्या गाड्या काढ.

इक्विपमेंट (गाडीवर बसवायचं सामान) आणि क्रूच्या पर्कलाही (गाडीतल्या जवानांच्या कौशल्यांनाही) आत्ता हात लावू नको. इक्विपमेंटची सध्याची रचना ऑगस्ट २०२० च्या १.१० पासूनची, आणि क्रूच्या पर्कमध्येही त्यानंतर मोठे फेरफार झाले. असे मोठे बदल येतात तेव्हा पर्क फुकट बदलायची किंवा सामान फुकट उतरवायची काही दिवसांची मुभा बहुतेक वेळा देतात. ती मिळायच्या आदल्या आठवड्यात स्वतःचं गोल्ड खर्चून तेच काम करणारे मी बघितलेत.

आता गोल्डचा सेल. सरळ सांगतो, अपडेटच्या आधी लागलेल्या सेलमध्ये प्रीमियम गाडी घेऊ नको. आधीच घ्यायची ठरलेली असेल, ती तू भाड्यानं चालवून बघितली असेल, तर गोष्ट वेगळी. पैसे देऊन घेतलेल्या प्रीमियम गाडीचे आकडे कंपनी सहसा थेट घटवत नाही, हे खरं. पण १.१३ मध्ये एचईचं गणित बदललं तसं सगळ्यांचं मूळ गणित हललं तर प्रीमियम गाडीही त्यात येतेच. गोल्ड साठवून ठेवणं त्यामानानं बरं, पण त्यालाही घाई नाही. सेल परत लागतात. पेट्यांचं म्हणशील तर आत काय निघंल ते माहीत नसताना पैसे टाकायचं मला तरी पटत नाही, अपडेट असो नसो.

तू लिहिलंयस की वडील म्हणतात सरकारनं हे खेळ बंद केलेत. त्यांना सांग, ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं केलेल्या कायद्यातली बंदी पैसे लावून पैसे जिंकायच्या ऑनलाइन खेळांवर आहे. ई-स्पोर्ट्सला त्याच कायद्यात वेगळं धरलंय. टँक चालवायला बंदी नाही. पण त्यांचं म्हणणं अगदीच सोडून देऊ नको, त्यांच्या फोनवरच्या यूपीआयवरून गोल्ड घेत असशील तर दर वेळी विचारूनच घे. आमच्या क्लॅनमध्ये अठराच्या आतल्या पोरांना हा नियम आहे, आणि त्यावरून एक-दोघं निघूनही गेले. जाऊ देत.

राहिला कॉम्प्युटर. तुझ्याकडं किती रॅम, कुठलं ग्राफिक कार्ड, हार्डडिस्क आहे की एसएसडी, काहीच लिहिलं नाहीस, तेव्हा सगळ्यांना लागू पडंल तेवढं सांगतो. गेम सेंटरमध्ये (गेम उतरवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) एचडी (बारीक चित्र) आणि एसडी (साधं चित्र) असे दोन पर्याय असतात. जुन्या मशीनवर एसडी ठेव. डाउनलोड निम्म्यावर येतं, जागा वाचते, आणि लढाईत शत्रू काही धूसर होत नाही. मोठं अपडेट डिस्कवर काही जीबी मोकळी जागा मागतं, आधीच करून ठेव. जमलं तर हार्डडिस्क काढून एसएसडी टाक. जुन्या मशीनला यापेक्षा स्वस्तात फरक पाडणारं दुसरं काही नाही. नाहीतर सगळे जागेवर पोचतात तेव्हा तुझा मॅप लोड होत असतो.

मोबाइलचा डेटा वापरत असशील तर अपडेट रात्रीत उतरवायला लाव. पावसाळ्यात आपल्याकडं लाइट कधी जाईल सांगता येत नाही, पण उतरलेला भाग वाया जात नाही, गेम सेंटर परत तिथूनच सुरू करतं. अर्धवट फाइल बिघडली असं वाटलं तर त्यातच 'तपासा आणि दुरुस्त करा' अशा अर्थाचा पर्याय आहे, तो चालव. आख्खा गेम काढून परत टाकायची घाई करू नको.

अपडेटनंतर गेम अडकायला लागला तर मी पहिला संशय मॉडवर (बाहेरच्यांनी बनवलेल्या जोडफाइलींवर) घेतो. मॉडची फोल्डरं आवृत्तीच्या आकड्यानं असतात. अपडेट झालं की नव्या आकड्याचं रिकामं फोल्डर तयार होतं, आणि पोरं जुन्या फोल्डरातलं सगळं उचलून नव्यात टाकतात. मग गॅरेज काळं दिसतं, लढाईत निशाण्याचं वर्तुळ गायब होतं, आणि शिव्या कंपनीला. पहिले काही दिवस एकही मॉड न टाकता खेळ. मॉड करणाऱ्यानं नव्या आवृत्तीसाठी फाइल दिली की तीच घे.

नेटबद्दल म्हणशील तर आपण आशियाच्या सर्व्हरवर खेळतो, तो सिंगापूरला. निपाणी काय, बेळगाव काय, तेवढ्या लांबचा पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायचा वेळ) थोडा राहणारच आणि त्याची सवय होते. त्रास देतो तो पॅकेट लॉस (वाटेत डेटा गळणं). पिंग स्थिर असूनही गाडी उड्या मारत असेल, गोळी सुटली असं दिसून डॅमेज पडत नसेल, तर वायफाय सोडून केबल लावून बघ. अपडेटच्या दिवशी सर्व्हरवर गर्दी असते, त्या दिवशीच्या अनुभवावरून नेटवाल्याला फोन करू नको, दोन-तीन दिवस जाऊ दे.

कॉमन टेस्ट उघडली की तुझा आयएस-७ तिथं घे, वीसेक लढाया खेळ, आणि गाडीच्या माहितीतल्या जुन्या-नव्या आकड्यांचे फोटो काढून मला पाठव. पत्र्याची जाडी, पेन, अल्फा, रीलोड आणि वर्तुळ जुळायला लागणारा वेळ, एवढं दिसायला पाहिजे. कॉम्प्युटरचं काय आहे तेही त्यातच लिही. समोर नेहमी भेटणाऱ्या तीन-चार गाड्यांची नावंही टाक, त्यांच्या ओळी मी यादीत शोधून ठेवतो.